जे आणि एल यांच्या मधलं

थंडर बेला उणे एकतीस असताना
माझ्या लॅपटॉपचा क गेला.
बाकी मंडळी आपापल्या जागी,
हा एकटाच मान खाली घालून बसलेला,
दाबला तर दबायचा, पण बोलायचा नाही.

आमच्या फिनिश हॉलच्या सूचना मीच लिहिते,
बावीस वर्षं झाली.
त्या आठवड्यात दारावर लागलं:
शनिवारी सौनानंतर ऑफी आणि ए मिळेल.
तोइनी पेल्तोलाने फोन केला, ए म्हणजे काय गं?
आली मात्र. दोन तुकडे खाल्ले.

मग कंपनीला लिहायला बसले.
चुका दिसू द्यायच्या नाहीत म्हणून
तो ज्यात येतो असा प्रत्येक शब्द टाळला.
चार ओळींना अख्खी संध्याकाळ लागली:

महोदय,
जे आणि एल यांच्या मधलं बटण चालत नाही.
दाबलं तरी पडद्यावर शांतता.
वॉरंटी अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत आहे. दुरुस्त होईल ना?

इथवर जमलं.
पण नावाला पर्यायी शब्द नसतो.
खाली सही उमटली: एर्तू ओसेला.

नवव्या दिवशी उत्तर.
प्रिय ओसेला, झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे.
पावतीवर मात्र कोणी कोस्केला आहेत.
मूळ ग्राहकानेच तक्रार करावी.

फोन लावला.
बावन्न मिनिटं पियानो,
मधूनमधून एक बाई सांगायची, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.
एवढ्या वेळात मी दोन मोज्यांच्या टाचा विणल्या.
शेवटी मंक्टनहून रेयाल नावाचा मुलगा आला, आवाजाने गरीब.
बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का, मॅडम?
म्हटलं, बाळा, माझ्या गुडघ्यावरही तोच उपाय चालू आहे.
तो हसला, आणि लगेच गप्प झाला.
हे कॉल ऐकले जातात म्हणे.

खोकं बांधलं. बर्फातून बस, बसमधून पोस्ट.
एकोणीस दिवसांनी परत.
पडदा नवा!
बॅटरी नवी!
आतलं सगळं पुसून लख्ख,
बावीस वर्षांच्या सूचना, वर्गणीच्या याद्या,
कोणाला सौनात किती वाफ सोसते याची टिपणं, सगळं.
आणि क तसाच मुका.
सोबत चिठ्ठी होती:
कीबोर्ड काळजीपूर्वक तपासला. कोणताही दोष आढळला नाही.
त्यांचे क मात्र सगळे शाबूत.

पुन्हा खोकं, पुन्हा बस.
या खेपेला उघडलंदेखील नाही.
अठ्ठावीस तारीख उलटली होती,
यंत्र त्यांच्याच फळीवर पडलेलं असताना.
मी रेयालला म्हटलं, आजारी माणूस दवाखान्यात असताना
त्याचा विमा संपला, तर घरी पाठवाल?
तो म्हणाला, ते खातं वेगळं, मॅडम.
मग हळूच, कोणी ऐकत नसल्यासारखं:
माझ्या आईचाही एस गेलाय.
तिनं बटणावर टिकली लावून ठेवलीय, चुकून दाबायला नको म्हणून.

काल रात्री वॉरंटीचा कागद पडद्यावर उघडला.
चाळीस पानं, मुंगीएवढी अक्षरं.
सदतिसाव्या पानावर वाक्य सापडलं:
कोणतंही कारण न देता नाकारण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते.

मोजले.
एका वाक्यात सहा.

एकेक उचलला, माऊसने, सुईत दोरा ओवावा तसा,
आणि माझ्या पत्राखाली आणून चिकटवला.
केर्तू कोस्केला.
तीन लागले.

उरलेले तीन हॉलच्या दारासाठी ठेवलेत.
कॉफीला एक,
केकला दोन.